माळ्याच्या वहीतली बाग : ‘अभिलेख उपलब्ध नाही’ म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या पेठेतल्या बागेच्या नूतनीकरणाचा कागद ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून पुढं सरकला ते सगळे साहेब आणि मॅडम, तसंच कॉम्प्युटरवर बागेचं ते हिरवंगार चित्र काढणारे सल्लागार,
सातारा.

सप्रेम नमस्कार.

बागेच्या फाटकावर महिन्याभरापूर्वी तुमचा फ्लेक्स लागला. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात ‘बागेचा इतिहास’ म्हणून चार ओळी आहेत, बारीक अक्षरात, चष्मा लावून वाचाव्या लागतात. पहिल्या ओळीत लिहिलंय की ही बाग शिवकालीन आहे. दुसऱ्या ओळीत वारसा जपणार. तिसरी आणि चौथी ओळ म्हणजे म्युझिकल कारंजं, सेल्फी पॉइंट, ओपन जिम आणि शोभिवंत प्रकाशयोजना. झाला इतिहास.

आता शिवकालीन म्हटल्यावर मला वाटलं की यांच्याकडं काहीतरी कागद असणार, आपल्याला माहीत नसेल, म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सरळ तीनच प्रश्न विचारले. बाग कधी झाली, जागा आधी कुणाची होती, आतली विहीर कुणी बांधली. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘सदर बागेबाबत जुना अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.’ म्हणजे फ्लेक्सवर वारसा आहे आणि कपाटात कागद नाही.

बागेचं नाव आणि कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये. मला फक्त बागेबद्दल बोलायचंय.

माझा संबंध काय ते आधी सांगते, नाहीतर परत कुणीतरी विचारेल की या बाई कोण. माझे वडील या बागेत माळी होते. १९६१ ला रोजंदारीवर लागले, नंतर कायम झाले, १९९४ ला रिटायर झाले. मागच्या भिंतीला लागून माळ्याची खोली होती, पत्र्याची, तिथं आम्ही चार भावंडं वाढलो. मी बॅंकेत क्लार्क होते, आता रिटायर आहे. वडील चौथीपर्यंत शिकलेले पण त्यांना लिहायचा नाद होता, दिवाळीत भेट मिळालेल्या डायऱ्या ते वर्षभर पुरवायचे आणि रोज संध्याकाळी दोन ओळी लिहायचे. त्याला आम्ही घरात वही म्हणायचो, खरं तर तेहतीस वर्षांच्या तेहतीस डायऱ्या आहेत, त्यातल्या चार वाळवीनं खाल्ल्या. ‘आज मेंदी कापली. सोनचाफ्याला गुटी बांधली. पाऊस नाही.’ असलं सगळं. साहित्य म्हणावं असं त्यात काही नाही. पण तुमच्या कार्यालयात जो अभिलेख उपलब्ध नाही तो माझ्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत उपलब्ध आहे.

आधी त्या शिवकालीनचं बघू. शिवाजी महाराजांनी १६७३ साली अजिंक्यतारा घेतला हे खरंय, सगळ्यांना माहितीय. पण किल्ला घेतला म्हणजे खाली पेठा होत्या असं नाही ना. हे शहर वसवलं शाहू महाराजांनी, १७०८ ला इथं त्यांचा राज्याभिषेक झाला त्याच्या नंतर. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा आपल्याकडं आहेत, त्याशिवाय यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा, व्यंकटपुरा, ही सगळी त्या वसवण्यातनं आलेली नावं आहेत. मग जी पेठच नंतर झाली तिच्यातली बाग शिवकालीन कशी? महाराजांचं नाव लावलं की कुणी प्रश्न विचारत नाही हे तुम्हाला पण माहितीय आणि मला पण. पण महाराजांच्या नावावर चुकीची गोष्ट खपवणं हा काय त्यांचा मान नाही.

आणि खरा इतिहास काय कमी आहे का? आपल्याकडं थोरले प्रतापसिंह महाराज होऊन गेले. इंग्रजांनी १८१८ ला त्यांना गादीवर बसवलं आणि १८३९ ला त्यांनीच उतरवलं, काशीला पाठवलं, तिथंच १८४७ ला वारले, आणि १८४८ ला तर राज्यच खालसा झालं. त्या मधल्या एकवीस वर्षांत या माणसानं रस्ते केले, शाळा काढल्या, छापखाना आणला, महाबळेश्वरला जायचा रस्ता केला. यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, नळानं उतारावर उतारावर आणून शहरातले हौद भरायची सोय त्या काळात होती, ना पंप ना वीज. आजही सातारकर ‘कमानी हौदापाशी ये’ म्हणतो तेव्हा तो त्या पाण्याचाच पत्ता सांगत असतो, त्याच्या लक्षात पण येत नाही. म्हणजे सातारा हे पाणी उताराला लावून वाढलेलं शहर आहे. बागेचा इतिहास लिहायचा तर तलवारीच्या आधी पाण्यापासनं सुरू करावा लागतो, कारण बाग पाण्यावर असते. हे माझं मत नाही, वडिलांचं आहे, ते म्हणायचे झाड लावणारा कुणीपण असतो, पाणी धरणारा एकच असतो.

तुम्ही म्हणाल पाण्याचं कशाला काढताय. तर आता विहिरीकडं येते, माझी पहिली तक्रार तीच आहे.

बागेच्या वायव्य कोपऱ्यात दगडी विहीर आहे. तुमच्या नकाशात ती नाही. तिच्या जागी एक निळा गोल आहे आणि त्यावर ‘फाउंटन’ लिहिलंय. मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला बुजवून वर स्लॅब टाकणार, खाली टाकी. त्याची काय चूक नाही, त्याला जे सांगितलं ते तो करणार. पण ही विहीर वडिलांच्या आधीची, आजोबांच्या पण आधीची आहे. तिच्या काठावर मोटेची दोरी घासून पडलेल्या खाचा आहेत, बोट घालून बघा. मोट गेली मग डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटर आली. वहीत १९७० च्या मार्चमध्ये लिहिलंय, ‘इंजिन बंद. मोटर चालू. आवाज कमी, पाणी जास्त.’

आणि १९७२ चा दुष्काळ. त्या उन्हाळ्यात पेठेतले नळ आले तर आले नाहीतर नाही अशी गत होती, तेव्हा बागेचं फाटक पहाटे चारला उघडायचं आणि बायका कळश्या घेऊन रांगेला. झाडांना पाणी बंद. वडिलांनी त्यावर एवढंच लिहिलंय, ‘माणसं आधी. झाडं बघू.’ त्या वर्षी बागेतली सात झाडं वाळली, त्यातल्या एका आंब्याला ते मोठ्या माणसासारखं मानायचे. ही विहीर तुम्ही बुजवणार आणि तिच्यावर टँकरच्या पाण्याचं कारंजं गाण्यावर नाचवणार.

विहीर जुनी आहे म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा गाडी काढून लिंबला जाऊन यावं, काय लांब नाही. शेरी लिंबची बारा मोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतलेली, अष्टकोनी, आत महाल, नाव बारा मोटांचं पण सोय पंधरा मोटांची. आणि कशासाठी एवढी मोठी? आमराईसाठी. हजारो आंब्यांना पाणी पाजायला. म्हणजे आपल्या जिल्ह्यात बागेसाठी विहीर किती जीव लावून बांधत होते ते बघा. आता मुद्द्याचं म्हणजे तिथं शिलालेख आहे, आणि त्यात विहीर कुणी बांधली, कोणत्या शकात काम चालू झालं, कोणत्या शकात पुरं झालं, ते सगळं कोरलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वी दगडावर छिन्नीनं कोरायचं असताना त्यांनी कामाचं तेवढंच लिहिलं. तुमच्या संगमरवरी कोनशिलेचा नमुना मी पाहिलाय, त्यात तेवीस नावं आहेत, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, आणि बाग कुणी लावली त्याचं एक अक्षर नाही.

दुसरी गोष्ट नळाची. ही जरा अवघड आहे पण लिहिणार.

फाटकातनं आत आल्यावर उजव्या हाताला एक दगडी खांब आहे, त्याला पितळी नळ होता. आता पितळ चोरीला गेलं, खांब राहिलाय. नकाशात तो खांब काढून तिथं तिकीट खिडकी दाखवलीय. माझी आजी, वडिलांची आई, लहानपणी या बागेच्या बाहेरच्या बाजूला बसून फुलांच्या माळा विकायची. आत यायची तिला मुभा नव्हती, आणि या नळाला हात लावायची तर नव्हतीच. कुणीतरी तोटी सोडून वरनं ओतायचं, मग ती ओंजळीनं प्यायची. ती हे सांगताना रडायची बिडायची नाही, सहज सांगायची, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं.

याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव नावाच्या मुलाचं नाव शाळेत घातलं गेलं, जुन्या राजवाड्यातली ती शाळा, आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि त्या दिवसाचा आता महाराष्ट्रभर विद्यार्थी दिवस होतो. त्या मुलाला वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागायचं, तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायानं तोटी सोडली तर पाणी नाहीतर तसंच. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढं १९२३ ला मुंबई कायदेमंडळात तिथले एक सभासद सी. के. बोले यांचा ठराव झाला की सरकारी पैशातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. कागदावर झाल्या. मग १९२७ ला महाडला तळ्यावर जावं लागलं.

सार्वजनिक बाग ही कल्पना तशी आपल्याकडं फार जुनी नाही. पूर्वी बागा राजाच्या, सरदाराच्या, देवळाच्या. कुणीपण यावं बाकावर बसावं अशा बागा इंग्रजी अमदानीत आल्या, मुंबईची राणीची बाग १८६२ ची. पण ‘कुणीपण’ या शब्दात कोण कोण बसतं ते ठरायला पुढची कित्येक वर्षं गेली. ज्या बागेत माझ्या आजीला पाणी मिळत नव्हतं त्याच बागेचा पाणी धरणारा तिचा मुलगा झाला, तेहतीस वर्षं. हा इतिहास नाही का? का तो फ्लेक्सवर बरा दिसत नाही? आणि नेमक्या त्याच खांबाच्या जागी तुम्ही तिकीट खिडकी लावताय. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. कुणाला माहीतच नव्हतं म्हणून झालं, आणि म्हणूनच मी सांगतेय.

तिकिटाचंच घ्या मग. दहा रुपये माणशी, आणि दुपारी बारा ते चार बंद. दहा रुपये म्हणजे काय, असं मीटिंगला कुणीतरी म्हणालं म्हणे. साहेब, दुपारी बारा ते चार या बागेत कोण असतं ते तुम्ही कधी बघितलंय का? तुमची चालायला येण्याची वेळ सकाळी सहाची, तेव्हा ट्रॅकसूटवाले असतात. दुपारी हमाल असतात, भाजी संपवून एसटीची वाट बघणाऱ्या बायका असतात, दवाखान्यात पेशंट ठेवून डबा खायला आलेले नातेवाईक असतात, एमपीएससीची पोरं असतात. माण खटावकडनं कामाला आलेला माणूस दुपारी सावलीला पडतो तो दहा रुपये देऊन पडेल का? तो बाहेर दुकानाच्या पायरीवर पडेल, आणि तिथनं त्याला उठवतील. बाग सगळ्यात जास्त लागते ती उन्हात, आणि तुम्ही ती नेमकी उन्हात बंद करताय.

आता जरा इतिहासाचंच अजून, कारण ‘या बागेत काही घडलेलं नाही, हेरिटेज व्हॅल्यू नाही’ असं तुमच्या अहवालात एक वाक्य आहे ते माझ्या डोक्यातनं जात नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी दीड वर्षाची होते त्यामुळं मला काय आठवत नाही, पण आईनं हजार वेळा सांगितलंय. पेठेतले वाडे जुने, मातीच्या भिंती, लोकं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पळाली आणि गेली कुठं तर बागेत. मोकळी जागा तेवढीच. डिसेंबरची थंडी, साताऱ्याची थंडी तुम्हाला सांगायला नको. वडिलांनी छाटणीच्या फांद्या साठवलेल्या होत्या त्याच्या शेकोट्या केल्या. घरात झोपायला कुणी तयार नव्हतं, रात्री धक्के बसायचेच, मग पुढं कित्येक दिवस अख्खी पेठ हिरवळीवर. वहीत आहे, ‘हिरवळ गेली. परत लावू.’ त्या दिवसांत बागेत एक बाळंतपण पण झालं, चाफ्याच्या आडोशाला लुगड्याचा पडदा धरून. ती पोरगी आज आजी आहे. तुमच्या अहवालाच्या हिशोबानं हे घडलेलं नाही.

मग १९७१ चं युद्ध. बागेत खांबावर सार्वजनिक रेडिओचा कर्णा होता, संध्याकाळी बातम्यांना गर्दी व्हायची. आपला जिल्हा फौजी जिल्हा, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडची. डिसेंबरच्या त्या दोन आठवड्यात आसपासच्या खेड्यातनं बायका, म्हातारे यायचे, बातम्या ऐकायच्या आणि काय न बोलता परत जायचे. १६ डिसेंबरला पाकिस्तानच्या फौजेनं ढाक्यात शरणागती पत्करल्याची बातमी आली तेव्हा वडील त्या खांबाखालीच होते. त्यांनी लिहिलंय की पेढे वाटले, आणि एक बाई पेढा हातात धरून तशीच उभी होती, खात नव्हती. एवढंच लिहिलंय. ती कोण, तिचं कोण होतं, काय नाही.

असो. भरकटले. बकुळीवर येते, कारण खरं भांडण तिच्यावरनं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात जो आंबा गेला त्याच्या जागी वडिलांनी बकुळ लावली. वहीत तारीख आहे, २ जुलै १९७४. ‘आंब्याच्या आळ्यात बकुळ लावली. दोन पाट्या शेणखत.’ बकुळ फार सावकाश वाढते, आम्ही पोरं तिला हसायचो, पाच वर्षांनी पण माझ्या खांद्याला नव्हती. आज तिच्याखाली पंधरा माणसं बसतात आणि सकाळी फुलांचा सडा असतो. तुमच्या नकाशात तिच्या जागी सेल्फी पॉइंट आहे, इंग्रजीत शहराचं नाव आणि मध्ये लाल बदाम.

झाड तोडायला कायदा आहे हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. नागरी भागातल्या झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ चा कायदा आहे. २०२१ ला त्यात सुधारणा झाली आणि पन्नास वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्ष धरायचं ठरलं. अशा झाडाला हात लावायचा तर आधी वय काढावं लागतं, आणि तोडलंच तर त्याचं वय जेवढं तेवढी झाडं बदल्यात लावून जगवावी लागतात. त्याच्याही आधी पेपरात आणि झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मी रोज सकाळी जाते, बकुळीवर अजून एक चिठ्ठी दिसलेली नाही. फक्त बुंध्यावर पांढऱ्या रंगानं एक फुली मारलीय.

तुमच्या झाडांच्या यादीत बकुळीचं वय ‘अंदाजे ३०’ लिहिलंय. अंदाज कुणी केला, कशावरनं केला, काय नाही. बुंधा बारीक दिसला म्हणून तीस लिहिलं असणार. साहेब, ती सावकाश वाढणारी जात आहे. तिचा जन्मदाखला माझ्याकडं आहे, २ जुलै १९७४, पन्नाशी होऊन गेली तिची. आता कळलं का मी ट्रंक का उघडली? जुन्या गोष्टी आठवून डोळे पुसायला नाही उघडली. त्या दोन ओळींनी झाडाला कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि त्या दोन ओळी तुमच्या कार्यालयात नाहीत म्हणून ते जातं. इतिहास नसला की काय होतं तर हे होतं, वीस वर्षं कमी लिहिली जातात आणि करवत येते.

बाकीच्या झाडांचं पण तेच. फरसबंदीचं काम निम्मं झालंय, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेत, सिमेंटनं सांधे भरलेत. जुन्या चिंचेला आळंच उरलं नाही, पाणी कुठनं मुरायचं? २०१३ ला हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक एक मीटर काँक्रीट काढायला लावलं होतं. तिथं काढायला लावलं ते आपण इथं नव्यानं पैसे देऊन घालतोय. आणि हे त्या गावात, जिथं १ मे ला गुलमोहर दिन साजरा करतात! झाडाचा सण करणारं गाव आहे आपलं. वडील आळं हातभर लांबपर्यंत मोकळं ठेवायचे, पालापाचोळा जाळायचे नाहीत, आळ्यातच टाकायचे. आता पालापाचोळ्याला ब्लोअर आलाय, धूळ उडवतो, आवाज करतो, आणि पाला कचरागाडीत जातो. मग नर्सरीतनं पोत्यानं खत विकत येतं. हे मला काय झेपत नाही.

बाक काढले त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जुने लोखंडी बाक भंगारात गेले असं ऐकलं, नवे स्टीलचे आलेत ते उन्हाचे तापतात. जाऊ दे.

एक गोष्ट कबूल करते. बागेची अवस्था वाईट होती आणि काहीतरी करायला पाहिजेच होतं. रात्री दारूच्या बाटल्या, संडासाची घाण, दिवे बंद, बायकांनी सातनंतर आत जायची सोय नाही. तुम्ही दिवे लावले, संडास दुरुस्त केला, वॉचमन ठेवला, याबद्दल मनापासनं आभार. मी नूतनीकरणाच्या विरोधात नाही. पोरांना घसरगुंडी नवी पाहिजे, म्हाताऱ्यांना चालायला सपाट वाट पाहिजे. पण घर रंगवायला घेतलं म्हणून कुणी देव्हारा बाहेर टाकत नाही.

तर मागण्या सरळ आहेत.

बकुळीवरची फुली पुसा आणि तिचं वय कायद्याप्रमाणं काढा. वहीचं पान मी दाखवते, पडताळून घ्या, खोटं निघालं तर मी जाहीर माफी मागेन. तोवर सेल्फी पॉइंट दुसरीकडं न्या, फाटकाबाहेर जागा आहे.

विहीर बुजवू नका. गाळ काढा, वर मजबूत जाळी टाका म्हणजे पोरं पडणार नाहीत, आणि बागेला त्याच पाण्यावर ठेवा. कारंजं पाहिजेच असेल तर त्याच पाण्यावर छोटं करा, गाणी नकोत. राजवाड्यावर गाणी भरपूर वाजतात.

नळाचा खांब जागेवर ठेवा आणि त्याला परत नळ बसवा, पिण्याच्या पाण्याचा, कुणीपण पिऊ शकेल असा. तिकीट रद्द करा. ते जमणारच नसेल तर निदान दुपारी बारा ते चार बाग उघडी आणि फुकट ठेवा.

सगळ्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक मीटरभर काढा. हे पावसाळ्याच्या आधी झालं पाहिजे, नंतर उपयोग नाही.

आणि पाटी. शिवकालीन हा शब्द काढा. जे माहीत आहे तेवढंच लिहा, जे माहीत नाही ते लिहू नका. दुष्काळात ही विहीर पेठेनं प्याली हे लिहा. भूकंपाच्या वेळी लोकं इथं झोपली हे लिहा. या नळावर काही माणसांना पाणी मिळत नव्हतं, हे पण लिहा. आणि खाली माळ्यांची नावं घाला. माझे वडील एकटेच नव्हते, त्यांच्या आधी दोघं होते, नंतर तिघं, शिवाय दोन बायका खुरपणीला होत्या, सगळ्यांची नावं वहीत आहेत. प्रमुख उपस्थितीची तेवीस नावं पण राहू देत, माझी हरकत नाही. फक्त खाली.

पेठेतल्या लोकांसाठी पण दोन शब्द. कुणाकडं बागेतले जुने फोटो असतील, लग्नानंतरचे, शाळेच्या सहलीचे, पाठीमागं झाड, विहीर, बाक काहीपण दिसत असेल तर काढून ठेवा आणि मागं साल लिहा. फोटोत मागं दिसणारं झाड पण पुरावा असतो. चिंच कधीची आहे हे वहीत नाही, ती वडिलांच्या आधीची, पण कुणाच्या तरी आजोबांच्या फोटोत ती नक्की असणार.

वहीतल्या बागेशी संबंधित पानांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्यात, दोनशे अकरा पानं झाली. एक सेट अपिलाबरोबर जोडून तुमच्या कार्यालयात गुरुवारी देणार आहे, पोच घेणार आहे. मूळ वह्या देणार नाही, त्या इथं येऊन बघाव्या लागतील. मी रोज सकाळी साडेसहा ते आठ बकुळीखाली असते, तापणाऱ्या बाकावर नाही, खाली सतरंजी टाकून. या. चहाचा थर्मास असतो.

आपली,
माळ्याची थोरली मुलगी
सातारा